एकाच रविवारची तीन लुगडी

नातेपुत्याच्या बाजारात बजाबाईशी घासाघीस करायला गडीमाणसंही बिचकायची. तिचा नवरा गेला तेव्हा लेक उदयसिंह शाळेत नुकता रुळला होता. दिरानं मेंढरं वाटून घेतली आणि हिच्या पदरात नाक गळणारी, खुरटलेली थोडी शेरडं टाकली. दुसरी एखादी ऊर बडवून रडली असती. बजाबाई दिराच्या अंगणात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "ही बी जगतील. तुमची तेवढी नीट सांभाळा." तिनं ती जगवली, वाढवली, त्यांच्यावर घर उभं केलं आणि लेकाला सोलापूरला इंजिनियरिंगला घातलं. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारी ती एकटीच बाई. म्हातारं शेरडू तरणं म्हणून कुणी गळ्यात मारायला लागलं, की तिचा पारा चढायचा, आणि एकदा चढला की सहजासहजी उतरायचा नाही. "बाई तापट हाय, पर खोटी न्हाय," असं लोक म्हणायचे. तेही जरा लांब उभं राहूनच.

तिला एक नाद होता, आणि तो तिच्या जवळच्या माणसांनाच ठाऊक होता. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं हिंडताना त्यांचा वाडा, म्हणजे मुक्काम, भीमेकाठी माचणूरच्या किल्ल्यापाशी बसायचा. संध्याकाळी तटाचा दगड अजून कोमट असायचा. ही पोरगी त्याला पाठ लावून बसायची आणि बापाला विचारायची, एवढाले धोंडे कुणी आणले, कशासाठी आणले, वर कसे चढवले. बाप म्हणायचा, "राजे लोकांचं काम ते. तुला काय करायचंय? कोकरं मोज." त्या उत्तरानं तिचं कधी भागलं नाही. पुढं कुठल्याही गावच्या बाजाराला गेली, की आधी तिथली वेस, बुरूज, जुनं देऊळ बघून यायची. लेक सोलापुरात शिकत होता तेव्हा त्याला भाकरी द्यायला जायची, ती परतताना भुईकोटात एक फेरी मारल्याशिवाय एसटीत बसायची नाही.

म्हणून नोकरीसाठी बर्लिनला गेलेल्या उदयसिंहाचा फोन आला, "आई, तीन महिने ये. राजवाडे आहेत, मोठमोठी चर्चं आहेत, ती प्रसिद्ध भिंत होती ना, तिचे तुकडे अजून उभे आहेत. सगळं दाखवतो तुला," तेव्हा तिला नाही म्हणवेना. फोनच्या शेवटी तो असंही म्हणाला होता, "आणि नातीशी, राजनंदिनीशीही खेळणं होईल तुझं." ते तिनं ऐकलं, पण त्याचं वजन तिला तेव्हा कळलं नाही. तिनं शेरडं शेजारच्या येडूच्या आणि त्याच्या बायकोच्या, सारजाबाईच्या हवाली केली, तीन चांगली इरकली लुगडी पिशवीत घातली आणि निघाली.

पोचली त्याच्या तिसऱ्या दिवशी सून अपेक्षा कामावर रुजू झाली. तिची बाळंतपणाची रजा संपली होती आणि पाळणाघरात जागा उन्हाळ्यानंतर मिळणार होती. "आई, दुपारी खिचडी द्या, मग झोपते ती," एवढं सांगून ती गेली. उदयसिंह तिच्याही आधी गेला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बंद घरात बजाबाई आणि दहा महिन्यांची राजनंदिनी अशा दोघीच उरल्या.

पोरगी गोड होती, त्यात शंकाच नाही. ती आजीच्या गळ्यातली पोत ओढायची, तिच्या मांडीवर झोपायची. तिला टाकून कुठं जावं असं बजाबाईच्या मनातही आलं नाही. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून छपरांच्या वर एका चर्चचं हिरवं टोक दिसायचं. भांडी घासताना तिची नजर तिथंच जायची.

"ते काय हाय रं?" तिनं एकदा विचारलं.

"चर्च आहे. दाखवतो ना रविवारी."

पहिल्या रविवारी दोघंही आठवड्याच्या थकव्यानं दुपारपर्यंत उठले नाहीत. मग पोरीला ताप आला. पुढच्या खेपेला उदयसिंहाच्या ऑफिसातले लोक जेवायला आले आणि बजाबाईनं सगळ्यांना बाजरीच्या भाकरी थापून वाढल्या. एक गोरा माणूस भाकरीचा फोटो काढत होता. मग पाऊस लागला. दर वेळी कारण खरंच असायचं, त्यामुळं तिला रागावताही येईना. तो राग आत साठत राहिला.

शेवटी एप्रिलातल्या एका रविवारी उदयसिंह सकाळीच म्हणाला, "चल आई, आज बर्लिन." त्यानं तिच्या अंगावरचं सोडून उरलेली दोन्ही चांगली लुगडी आणि दोन नवे स्वेटर एका पाठीवरच्या पिशवीत भरले. तिला वाटलं, थंडीचं असेल. लेकाला आपली काळजी आहे, असंही तिला वाटलं आणि जरा बरंच वाटलं.

आधी पोरीला घेऊन सगळे ब्रांडेनबुर्गच्या वेशीपाशी गेले. वेसच ती. उंच खांब, वर चार घोड्यांचा रथ आणि त्यात उभी एक पंख असलेली बाई. बजाबाईनं मान वर केली आणि तशीच राहिली. घोड्यांचे पाय हवेत होते. एवढं जड काम वर कसं नेलं असेल, हा तिचा जुना प्रश्न पुन्हा उठला. ती खांबाकडं चालू लागली, तोच उदयसिंह म्हणाला, "आई, इथंच थांब. जरा डावीकडं. हस." त्यानं पटापट फोटो काढले. "झालं, चल."

"अरं, जवळनं तरी बघू दे."

"अजून खूप बाकी आहे, आई."

पुढं एका हॉटेलात त्यानं कॉफी मागवली आणि पिशवीतलं हिरवं लुगडं तिच्या हातात दिलं. "तिकडं संडास आहे. हे नेसून ये."

"का? ह्याला काय झालंय?"

"फोटो चांगले येतात, आई. ये ना."

नऊवारी बदलायला खोली लागते. त्या संडासात नीट वळायलाही जागा नव्हती. लुगडं जमिनीला लागू नये म्हणून तिनं अर्धं दातात धरलं, अर्धं खांद्यावर टाकलं. कासोटा घालताना कोपर भिंतीवर आपटलं. बाहेरून कुणीतरी दोनदा दार वाजवलं. ती बाहेर आली तेव्हा रांगेतल्या बायका तिच्याकडं बघत होत्या. साठी उलटल्यावर परक्या मुलखात आपण संडासात लुगडं सोडलं, या विचारानं तिनं पदर घट्ट लपेटून घेतला.

नव्या लुगड्यात तिला मोठ्या चर्चसमोर उभं केलं. आत जायला तिकीट होतं आणि पोरगी रडत होती, म्हणून आत गेलेच नाहीत. संसदेच्या काचेच्या घुमटावर जायला आधी नाव नोंदवावं लागतं म्हणे, ते नोंदवलं नव्हतं. मग तिसरं लुगडं, दुसरा संडास. नदीकाठच्या भिंतीचा एक रंगवलेला तुकडा, तिथं उभी राहा, हात वर कर. संध्याकाळ व्हायच्या आत घरी. त्या सगळ्या दिवसात बजाबाईनं एका दगडालाही हात लावला नाही. सगळ्या इमारतींकडं पाठ करूनच ती उभी होती.

लुगडी कशासाठी बदलली, ते तिला पुढं पंधरा-वीस दिवसांनी सारजाबाईच्या फोनवरून कळलं.

"वैनी, मज्जा हाय की तुमची," सारजाबाई म्हणाली. "दर ऐतवारी नवीन जागा. आमी सगळी मोबाईलवर बगतो. पयल्या ऐतवारी घोड्याची वेस, मग ते चर्च, आन काल त्या भिंतीपाशी हात वर करून हुब्या हायसा. गावात सगळी म्हंत्यात, ल्योक असावा तर असा."

बजाबाईनं पोरीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "काल?" तिनं विचारलं.

"व्हय, कालच टाकलाय की उदयदादानं."

काल दिवसभर ती घरात होती. काल तिनं पडदे धुतले होते.

तिला सगळं लख्ख दिसलं. तीन लुगडी म्हणजे तीन रविवार. बाजारात म्हाताऱ्या शेरडाला रंगरंगोटी करून तरणं म्हणून उभं करणारे लबाड तिनं उभ्या जन्मात किती पाहिले होते. त्यांच्या तोंडावर तिनं थुंकायचंच बाकी ठेवलं होतं. आणि आता तिच्याच लेकानं तिलाच तसं रंगवून बाजारात उभं केलं होतं. तिनं सारजाबाईकडं शेरडांची चौकशी केली आणि फोन ठेवला. पोरीला खाली गोधडीवर ठेवलं.

संध्याकाळी उदयसिंह बूट काढत होता, तेव्हाच तिनं विचारलं, "काल मी कुटं होते रं?"

"म्हणजे?"

"काल ऐतवारी. कुटं होते मी? गावाला ठाव हाय, मला तेवढं म्हाईत न्हाय."

त्याला कळलं. तो बुटाची नाडी हातात धरून तसाच बसला. अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"आई, त्यात काय एवढं," तो म्हणाला. "तू यायच्या आधी भावकीतले लोक काय बोलत होते, तुला माहीत आहे? आईला फिरवायला नेतोय का दाई म्हणून नेतोय, असं चुलत्यानं तोंडावर विचारलं मला. म्हणून टाकले फोटो. त्यांची तोंडं बंद झाली ना?"

"त्यांनी खोटं काय इचारलं?"

"आई."

"न्हाय, सांग की. हितं आल्यापास्नं मी काय केलं? पोर सांभाळली, भाकरी थापल्या. ते दाईचंच काम. दाईला निदान दाई म्हणून बोलवत्यात. तिला वेस दाखवतो म्हणून फसवून आणत न्हाईत."

"फसवलं नाही मी तुला. वेळच मिळत नाही इथं. आम्ही दोघं किती राबतो, बघतेस ना?"

"बगते. लई राबता." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळंच उदयसिंहाला जास्त भीती वाटली. "तू फोनवर म्हनला असतास, आई, आमची अडचण हाय, पोर सांभाळायला ये, तर मी पळत आले असते. दुसऱ्या दिवशी शेरडं इकून आले असते. एक वेस बी मागितली नसती बगायला. पर तू मला खोटं सांगून आणलंस, आन वर माझ्याच तोंडानं गावाला खोटं सांगितलंस. मी हसत हुबी हाय त्या फोटूत. कुणी बी म्हनंल, म्हातारी बी सामील हाय."

उदयसिंह उठून दुसऱ्या खोलीत गेला. जाताना म्हणाला, "तुला कौतुक कशाचंच नाही." त्या वाक्यानं बजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचाच तिला इतका राग आला की तिनं पदरानं डोळे खसाखसा पुसले.

पुढच्या शनिवारी सकाळी तिनं चपला घातल्या आणि पोरगी उदयसिंहाच्या हातात दिली. "आजपास्नं शनिवार-ऐतवार तुझी लेक तू सांभाळ. मी बगायला चालले."

"कुठं? तुला रस्ता माहीत नाही, भाषा माहीत नाही."

"मेंढरामागं चार जिल्हे हिंडले, तवा कुठली भाषा म्हाईत हुती?"

ती खरंच गेली असती. जिन्यात एक मजला उतरलीही होती. तेवढ्यात अपेक्षा कोट चढवत मागून धावत आली. सोबत जिना उतरताना ती खाली बघून म्हणाली, "मला माहीत होतं, आई. फोटोंचं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मग का न्हाय बोललीस?"

"रजा संपली होती. तुम्ही परत गेला असता तर काय केलं असतं, याची भीती वाटली."

बजाबाईनं तिच्याकडं बघितलं. राग होताच, पण हे उत्तर निदान खरं होतं. "चल," ती म्हणाली.

अपेक्षानं तिला जिथं नेलं तिथं घोडेबिडे काही नव्हतं. एका लांबलचक रस्त्याच्या कडेला गवताचा रिकामा पट्टा होता. मध्येच त्याच भिंतीचा करडा, उघडा तुकडा उभा होता आणि जिथं भिंत पडली होती तिथं तिच्या जागी गंजलेल्या लोखंडी सळया रोवल्या होत्या. अपेक्षा पाट्या वाचून सांगू लागली. एका रात्रीत शहराच्या मधून तारा ओढल्या. मग भिंत घातली. या रस्त्यावरची घरं पूर्वेच्या हद्दीत होती आणि त्यांच्या खिडक्या पश्चिमेच्या रस्त्यावर उघडायच्या. लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या, तर सरकारनं खिडक्या विटांनी बुजवल्या.

"कुणी बांधली म्हनलीस?"

"इथल्याच सरकारनं. आपल्याच लोकांनी पळून जाऊ नये म्हणून."

"किती वर्सं हुती?"

"अठ्ठावीस."

"आन आया एका अंगाला, लेकरं एका अंगाला?"

"कित्येकांची."

बजाबाई भिंतीपाशी गेली. हात लावू का, असं तिनं कुणाला विचारलं नाही. पंजा सपाट टेकवला. सिमेंट गार होतं आणि खरबरीत. लहानपणी ज्या तटांना ती पाठ लावून बसायची ते शत्रूला बाहेर ठेवायला बांधलेले होते. ही माणसांना कोंडायला बांधली होती. हा फरक कळल्यावर तिचं अंग तापलं. पुढं एका चौकटीत मेलेल्यांचे फोटो लावले होते, एकेका खणात एकेक चेहरा. त्यात लहान लेकरंही होती. ती प्रत्येकासमोर थांबली. अपेक्षानं फोन काढला नाही, आणि बजाबाईनं ते मनात ठेवलं.

"आन गप बसली समदी?" तिनं शेवटी विचारलं.

"काही पळाले, काही मेले. बाकीचे बसले."

"बसत्यात," बजाबाई म्हणाली. "मी बी बसलेच की दीड महिना."

त्यानंतर उरलेले सगळे शनिवार तिनं वसूल केले. कधी अपेक्षा सोबत असायची, कधी ती एकटीच जायची. मोठ्या चर्चच्या घुमटावर ती गुडघे दाबत चढली आणि वरून शहर बघताना वाऱ्यानं तिचा पदर उडाला. वेशीखाली ती एक अख्खी दुपार बसली. उदयसिंह तिच्याशी कामापुरतं बोलत होता. तीही तेवढंच बोलत होती.

जूनमध्ये ती परत आली, तर गावात वेगळंच वाढून ठेवलेलं. तिचा धाकटा भाऊ आबासाहेब, चार माणसांत ऊठबस असलेला, त्यानं तिचा सत्कार ठरवला होता. दूध डेअरीच्या वरच्या हॉलात खुर्च्या मांडल्या होत्या. मागं मोठा बॅनर: युरोप दर्शन करून परतलेल्या श्रीमती बजाबाई यांचे हार्दिक स्वागत. त्यावर तीन लुगड्यांतले तीन फोटो. टेबलावर एका लॅपटॉपच्या पडद्यावर बर्लिनहून उदयसिंह दिसत होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

आबासाहेबानं भाषण केलं. कलियुगातला श्रावणबाळ म्हणजे आमचा उदयसिंह, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर उदयसिंहानं हात जोडले. शाल घातली, नारळ दिला, आणि आबासाहेब म्हणाला, "आक्का, दोन शब्द बोल."

बजाबाई उभी राहिली. ती आपलं आभार मानून बसणार होती. वाटेत येतानाच तिनं तसं ठरवलंही होतं. पण बोलायला वळली आणि समोर तो बॅनर आला, हात वर करून हसणारी ती स्वतः.

"हे तीन फोटू एका दिवसाचे हायत," ती म्हणाली. "तीन ऐतवारचे न्हाईत. लुगडी मी संडासात बदलली. मला बगायला न्हेलं न्हवतं, नात सांभाळायला न्हेलं हुतं. नात माजी हाय, मी सांभाळली, त्याचं मला वाईट वाटत न्हाय. खोटं बोलल्याचं वाटतंय. मागनं मी बर्लिन बगितलं, ते माजं मी बगितलं. त्याचा फोटू न्हाय."

कुणी टाळी वाजवली नाही. पडद्यावरचा उदयसिंह क्षणभर तसाच होता, मग पडदा काळा झाला. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "मी पुण्याला लेकाकडं तीन वर्सं काढली, अजून शनिवारवाडा बगितला न्हाय." ती हळूच बोलली होती, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. बायकांत खसखस पिकली आणि पुरुष खाली बघू लागले.

जिन्यात आबासाहेबानं बहिणीला गाठलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आक्का, घरातलं घरात ठिवायचं असतं."

"मग बॅनरवर का लावलंस?"

तो तिला ओलांडून जिना उतरला. आणि पुढं दिवाळीपर्यंत तिच्या दारात आला नाही. उदयसिंहाचा फोनही थांबला. आईनं लेकाची अब्रू चव्हाट्यावर मांडली, असं अर्धं गाव म्हणत होतं, आणि उरलेलं अर्धं तिच्यासमोर तरी गप्प होतं. अपेक्षा मात्र दर शनिवारी न चुकता पोरीचा चेहरा दाखवायची. राजनंदिनी उभी राहू लागली, पाऊल टाकू लागली. फोन ठेवल्यावर बजाबाई गोठ्यात जाऊन बसायची. आपण बोललो ते चुकलं, असं तिला एकदाही वाटलं नाही. पण लेकाचा आवाज कानावर पडत नव्हता, ते तिला सोसतही नव्हतं. दोन्ही एकदमच होतं, आणि त्याचा राग ती येडूवर काढायची.

दिवाळीनंतर एक दिवस मोडनिंबहून अपेक्षाची आई, कस्तुराबाई, हिचा फोन आला. "विहीणबाई, मी निघाले बर्लिनला. पाळणाघरात पोर सारखी आजारी पडायला लागली. म्हटलं, जाण्याआधी तुमच्याशी बोलावं."

बजाबाईच्या कपाळाची शीर उडाली. "काय म्हणून बोलवलंय तुमाला? बगायला?"

"न्हाय हो. जावई फोनवर सरळच म्हनले, पोर सांभाळायला या, आमची अडचण हाय. शनिवार-ऐतवार तुमचे, त्या दिवशी घरात काय बी करायचं न्हाय. अपेक्षा तुमाला फिरवंल. आन म्हनले, आधी त्या भिंतीकडं जावा, घोड्याची वेस मागनं बगा."

लेक शिकला होता तर. आपल्याकडून शिकला आणि ते दुसऱ्याच बाईला देऊन मोकळा झाला. आईला मात्र एक शब्द नाही. हे तिला आवडलं आणि झोंबलंही, आणि झोंबलं ते जास्त.

"विहीणबाई? हायसा न्हवं?"

"हाय. गरम कपडे न्या. चर्चच्या वर जाताना गुडग्याला पट्टा बांधा." मग म्हणाली, "आन त्याला सांगा, तुमच्याशी जे बोललास ते मला फोन करून बोल म्हणावं. मी वाट बगत न्हाय. पर सांगा."

तिनं फोन ठेवला. बाहेर येडूनं शेरडांना ओला चारा टाकला होता; त्यानं पोट फुगतं, हे तिनं त्याला दहादा सांगितलेलं. ती तरातरा गेली आणि तो सगळा त्याच्यादेखत बाहेर ओढून काढला.